छेदातला क्यू आणि बारावीची एक विद्यार्थिनी

बारावी सायन्सची ही मुलगी वडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. घरात मराठी, मैत्रिणींशी गुजराती, शाळा इंग्रजी माध्यमाची. आकडेमोडीत पक्की. कूलोमच्या नियमावरची गणितं ती भराभर सोडवते आणि एककं कधी विसरत नाही. तिचे वडील मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंग विभागात आहेत. मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यांच्याच गल्लीत राहते आणि ती मला काकू म्हणते. चाचणीचा पेपर घेऊन ती आली, तेव्हा तिची तक्रार साधी होती: सूत्र बरोबर, भागाकार बरोबर, तरी मार्क कापले.

प्रश्नाचे तीन भाग होते. एका बिंदूवर ४ नॅनोकूलोमचा चार्ज (विद्युतभार; कूलोम हे त्याचं एकक) ठेवला असता त्यावर ०.०००८ न्यूटन बल लागतं. (अ) त्या बिंदूवर विद्युत क्षेत्राची तीव्रता किती? (ब) तिथे ४ ऐवजी ८ नॅनोकूलोमचा चार्ज ठेवला तर तीव्रता किती? (क) चार्ज काढून घेतला तर किती?

(अ) चं उत्तर तिने ‘तीव्रता (ई) म्हणजे बल (एफ) भागिले चार्ज (क्यू)’ या सूत्राने २,००,००० न्यूटन प्रति कूलोम काढलं, ते बरोबर आहे. (ब) ला तिने ०.०००८ ला ८ नॅनोकूलोमने भागून १,००,००० लिहिलं. (क) ला लिहिलं ‘शून्य’, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलने बारीक अक्षरात ‘की अनंत?’. तपासणाऱ्यांनी त्या पेन्सिलच्या शब्दांकडे लक्ष दिलेलं नव्हतं. मला मात्र सगळ्या उत्तरपत्रिकेत तेच सर्वांत मोलाचं वाटलं. तिथे ती स्वतः विचार करत होती. चार्ज काढला म्हणजे छेदात शून्य, आणि शून्याने भागलं की काय होतं हे तिला गणिताच्या तासाला शिकवलेलं आहे. एकाच ओळीची दोन टोकाची उत्तरं निघताहेत, म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकतंय, हे तिला जाणवलं होतं.

चूक नेमकी कुठे होती

मी तिला (ब) बद्दल विचारलं.

“क्यू खाली आहे ना काकू. खालचा आकडा दुप्पट झाला की उत्तर निम्मं होणारच.”

“आणि वरचा आकडा?”

“तो दिलाय ना. शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य आठ.”

“तो कुठल्या चार्जसाठी दिलाय?”

ती थांबली, प्रश्न पुन्हा वाचला आणि म्हणाली, “त्या पॉइंटचा आहे.”

या उत्तरात सगळं निदान आलं. ‘ईची व्याख्या समजली नाही’ असा शेरा अशा उत्तरपत्रिकेवर सहज मारता येतो, पण त्याने काही कळत नाही. या मुलीच्या मनात ‘जागेची म्हणून काहीतरी एक गोष्ट असते, ती तिथे काय ठेवलंय यावर अवलंबून नसते’ ही कल्पना होती. क्षेत्राची सगळी कल्पना एवढीच तर आहे! फक्त ती कल्पना तिने बलाला चिकटवली होती. बल हे त्या जागेचं, आणि तीव्रता मात्र ठेवलेल्या चार्जप्रमाणे बदलणारी. खरं चित्र याच्या बरोब्बर उलट आहे. तेव्हा तिला नवीन काही शिकवायचं नव्हतं. जे तिच्यापाशी होतं तेच एका राशीवरून उचलून दुसऱ्या राशीवर ठेवायचं होतं.

ही अदलाबदल का झाली असावी, त्याचं एक कारण तिच्या वहीतच सापडलं. एका पानावर ‘ई बरोबर एफ भागिले क्यू’. पुढच्या पानावर ‘ई बरोबर के गुणिले क्यू भागिले आरचा वर्ग’ (के हा ठरलेला आकडा, ९ अब्ज; आर म्हणजे अंतर). दोन्हीकडे तेच लहान अक्षर. पहिल्या सूत्रातला क्यू म्हणजे आपण तपासणीसाठी नेऊन ठेवलेला परीक्षण चार्ज. दुसऱ्यातला क्यू म्हणजे ज्याने हे क्षेत्र निर्माण केलं तो स्रोत चार्ज. पाठ्यपुस्तकात स्रोतासाठी मोठं अक्षर असतं, पण फळ्यावर आणि वहीत उतरवताना मोठं-लहान एक होऊन जातं. मग एका पानावर क्यू वाढला की ई घटते, दुसऱ्या पानावर क्यू वाढला की ई वाढते. ही दोन पानं एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं तिला कधी वाटलं नाही, कारण दोन्ही पानं एकाच गणितात कधी आलीच नाहीत.

दुसरं कारण इतिहासातलं आहे आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. कूलोमने १७८५ मध्ये जो नियम मांडला तो दोन चार्जमधल्या बलाचा. त्यात मधल्या जागेला काही भूमिका नाही. मधल्या जागेकडे बघायला सुरुवात केली ती फॅरेडेने, जवळपास अर्ध्या शतकानंतर, बलरेषांच्या रूपाने, आणि तिला गणिताचं रूप मॅक्सवेलने दिलं. एवढ्या मोठ्या लोकांना जी उडी मारायला दशकं लागली, ती आपण मुलांना एका तासात मारायला लावतो, आणि तीही एका भागाकाराच्या आडून.

कोष्टक

मी तिला स्रोत दिला: २ मायक्रोकूलोमचा (मायक्रो म्हणजे नॅनोच्या हजारपट) चार्ज, जागेवर घट्ट बसवलेला. त्यापासून ३० सेंटिमीटरवर आपला बिंदू. आता व्याख्या बाजूला ठेव, म्हटलं, आणि फक्त कूलोमच्या नियमाने बल काढ. परीक्षण चार्ज १ नॅनोकूलोम ठेवला तर? २ ठेवला तर? ४? ८? आणि उणे ४?

तिने काढलं: ०.०००२, ०.०००४, ०.०००८, ०.००१६ न्यूटन, आणि शेवटचं ०.०००८ पण उलट दिशेने. चाचणीतला आकडा तिसऱ्या जागी आलेला पाहून ती थबकली. “म्हणजे आठला हा डबल येतो.” मग शेजारच्या रकान्यात तिने भागाकार मांडले. २,००,०००. २,००,०००. २,००,०००. २,००,०००. उणे चार्जच्या ओळीवर ती जरा अडली. बल उणे, चार्ज उणे, भागाकार पुन्हा अधिक २,००,०००, दिशाही तीच. हे तिला सर्वांत जास्त आवडलं. उणे चार्ज ठेवला तरी ‘फील्ड उलटं होत नाही’, उलटतं ते बल.

इथे मी तिला खंडेराव मार्केटमधल्या भाजीच्या भावाचं उदाहरण दिलं. बिल भागिले वजन म्हणजे भाव. अर्धा किलो घ्या नाहीतर दोन किलो, बिल बदलतं, भाव तोच राहतो. आणि तुम्ही काहीच घेतलं नाही तरी भाव नाहीसा होत नाही. तिने लगेच (क) चं उत्तर खोडून २,००,००० लिहिलं. चार्ज काढल्यावर मोजायला काही उरत नाही, पण जे मोजायचं होतं ते तिथेच आहे, कारण २ मायक्रोकूलोमचा स्रोत आपल्या जागी बसलेला आहे. आणि ते दुसऱ्या सूत्राने काढता येतं: ९ अब्ज गुणिले स्रोत, भागिले अंतराचा वर्ग. त्या सूत्रात परीक्षण चार्ज येतच नाही.

तेव्हापासून वहीत स्रोत लाल शाईने आणि परीक्षण चार्ज निळ्या शाईने लिहायचा असं ठरलं. उपाय साधा आहे, पण ज्या मुलांना शिकवते त्या सगळ्यांना मी तो आता सांगते. पहिलं सूत्र क्षेत्र कसं मोजायचं ते सांगतं, दुसरं ते कुणामुळे आहे ते सांगतं. छेदात निळा क्यू दिसला की तो मोजणाऱ्याचा.

‘मग पुस्तक शून्याकडे का नेतं?’

प्रकरण इथे संपलं असतं, पण ती दुसऱ्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडून आली. बारावीच्या पुस्तकात व्याख्या अशी आहे की परीक्षण चार्ज शून्याकडे नेत जावा आणि बल भागिले चार्ज कुठे स्थिरावतं ते पाहावं. तिचा प्रश्न अगदी रास्त होता. भागाकार जर कुठल्याही चार्जला तोच येत असेल, तर त्याला शून्याकडे न्यायची गरज काय?

हा प्रश्न बहुतेक वर्गांत विचारलाच जात नाही. विचारला तर ‘व्याख्या आहे, पाठ करा’ म्हणून टाळला जातो. मला तो टाळायचा नव्हता, कारण याचं उत्तर मिळालं तरच क्षेत्राची कल्पना पुरी होते.

कोष्टकातला स्रोत जागेवर घट्ट बसवलेला होता. आता स्रोत बदलू. विद्युतरोधक दांड्यावर बसवलेला धातूचा गोळा घे, त्रिज्या १० सेंटिमीटर, त्यावर १ मायक्रोकूलोम चार्ज. आपला बिंदू केंद्रापासून २० सेंटिमीटरवर. आजूबाजूला दुसरं काही नसेल तर तिथे तीव्रता २,२५,००० न्यूटन प्रति कूलोम येते. ती तिने स्वतः काढली. आता त्या बिंदूवर परीक्षण चार्ज ठेवायचा. यात लागणाऱ्या बलाचं गणित पदवीच्या वर्गातलं आहे, म्हणून बलाचे आकडे मी काढून दिले आणि भागाकार तिने केला.

परीक्षण चार्ज १ मायक्रोकूलोम असताना बल ०.१३७५ न्यूटन. भागाकार १,३७,५००.
०.१ मायक्रोकूलोम: बल ०.०२१६२५ न्यूटन. भागाकार २,१६,२५०.
०.०१ मायक्रोकूलोम: बल ०.००२२४१२५ न्यूटन. भागाकार २,२४,१२५.
०.००१ मायक्रोकूलोम: भागाकार २,२४,९१२ आणि थोडं वर.

तिने पहिल्यांदा बलाचे आकडे माझ्याकडून चुकले असतील अशी शंका काढली. मग प्रत्येक ओळीत २,२५,००० ला किती कमी पडतंय ते लिहिलं: ८७,५००, ८,७५०, ८७५, ८७.५. “दर वेळी दहावा भाग!” चार्ज दहावा केला की तूटही दहावी होते. चार्ज शून्याकडे गेला की तूट शून्याकडे जाते आणि भागाकार २,२५,००० वर जाऊन टेकतो.

तूट पडते कशामुळे? धातूवरचा चार्ज मोकळा असतो. समोर त्याच चिन्हाचा मोठा चार्ज आणून ठेवला की गोळ्यावरचा चार्ज मागच्या बाजूला सरकतो. सरकला की त्याचं परीक्षण चार्जपासूनचं अंतर वाढतं, आणि बल असायला हवं त्यापेक्षा कमी भरतं. आपण मोजायला गेलो आणि मोजायची गोष्टच आपण हलवली. भाजीच्या भावाचंही असंच आहे: कुणी येऊन सगळा बाजारच उचलायला लागला की त्याला जुना भाव मिळत नाही. म्हणून परीक्षण चार्ज इतका लहान हवा की स्रोताला तो आल्याचं कळू नये. छेद शून्याकडे जातो तेव्हा अंशही त्याच वेगाने शून्याकडे जातो. सीमा (लिमिट) म्हणजे काय हे तिने गणितात आधीच केलेलं होतं, त्यामुळे ‘की अनंत?’चं उत्तर तिचं तिनेच दिलं. वर आणि खाली दोन्हीकडे शून्य येत असेल तर वाटेत भागाकार कुठे चाललाय ते बघायचं.

तेलाचा कप

तरीही एक गोष्ट कच्ची राहिली होती. क्षेत्र म्हणजे शेवटी मोजण्याची एक युक्ती, खरं असतं ते बल, असं तिला आतून वाटत होतं. ते दूर झालं तिच्या वडिलांमुळे. या शहरात ट्रान्सफॉर्मरचे कारखाने पुष्कळ आहेत, आणि विद्युत उपकरणांच्या चाचण्या करणारी एर्डा ही संस्थाही मकरपुऱ्यातच आहे. विद्युत क्षेत्राची तीव्रता हा इथल्या शेकडो घरांचा रोजचा व्यवसाय आहे, फक्त घरी तिला कुणी त्या नावाने हाक मारत नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे तेल किती व्होल्टेजला फुटतं) टेस्ट कशी करतात ते त्यांनी तिला सांगितलं. काचेसारख्या पारदर्शक कपात समोरासमोर दोन गोलसर इलेक्ट्रोड असतात. त्यांच्यामधलं अंतर गेजने बरोबर २.५ मिलिमीटर ठेवायचं. तेल कपाच्या कडेने हळू ओतायचं, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. ते शांत होऊ द्यायचं. मग व्होल्टेज सेकंदाला २ किलोव्होल्ट या गतीने चढवत न्यायचं. एका क्षणी इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पडते, किट ट्रिप होतो, आणि तो आकडा लिहून घ्यायचा. अशा सहा ठिणग्यांची सरासरी. नवं तेल न गाळताही निदान ३० किलोव्होल्ट टिकावं, आणि गाळून, कोरडं करून ७० पर्यंत जावं, अशी अपेक्षा असते.

“आता सांग, फील्ड किती?” मी विचारलं.

३० किलोव्होल्ट भागिले २.५ मिलिमीटर. मिलिमीटरला १२ किलोव्होल्ट, म्हणजे मीटरला १ कोटी २० लाख व्होल्ट. हवा साधारण मिलिमीटरला ३ किलोव्होल्टला फुटते, त्यामानाने हे चौपट. इथे एककाचा प्रश्न आला, कारण शाळेत न्यूटन प्रति कूलोम आणि इथे व्होल्ट प्रति मीटर. एक व्होल्ट म्हणजे एका कूलोममागे एक ज्यूल, आणि ज्यूल म्हणजे न्यूटन गुणिले मीटर. मीटरने भागलं की न्यूटन प्रति कूलोमच उरतं. दोन्ही एककं एकच आहेत हे तिने दोन ओळींत करून दाखवलं.

मग तिने जो प्रश्न विचारला त्याची मी वाट बघत होते. “बाबा, या कपात टेस्ट चार्ज कुठे असतो?”

“टेस्ट चार्ज? तसलं काही नसतं. आम्ही केव्ही बघतो आणि गॅप बघतो.”

हाच तो मुद्दा. इलेक्ट्रोडमधल्या तेलात कुणी मोजायला चार्ज नेऊन ठेवलेला नाही, तरी तिथे क्षेत्र आहे. तेलात जे थोडेफार सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन असतात त्यांना ते ओढतं, पुरेसं जोरकस झालं की तेलाचा रोध मोडतं. तेच ३० किलोव्होल्ट ५ मिलिमीटरच्या फटीत दिले तर मिलिमीटरला ६ च येतात, आणि तेच तेल निवांत बसून राहतं. व्होल्टेज सारखं असूनही तेल फुटेल की टिकेल, हे जागोजागच्या तीव्रतेवर ठरतं. इलेक्ट्रोड गोलसर का असतात तेही तिला आता सांगता आलं: टोकदार कडेपाशी तीव्रता वाढते आणि तेल तिथेच आधी हार मानतं. म्हणूनच १२ हा आकडा सरासरीचा आहे. वडिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला पुस्तकांपेक्षा बोलकी वाटली. तेलात ओल धरलेले कागदाचे तंतू असले तर ते आपोआप सर्वांत जास्त तीव्रतेच्या जागी, म्हणजे फटीत, ओढले जातात आणि एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत पूल बांधतात. मग चांगल्या तेलाचाही आकडा घसरतो. ज्या गोष्टीला ती ‘मोजण्याची युक्ती’ म्हणत होती, ती तिच्या वडिलांच्या समोर रोज तंतू गोळा करत होती.

पुढची तपासणी

काही आठवड्यांनी मी तिला अगदी वेगळा प्रश्न दिला, कोष्टकाची आठवण येऊ नये म्हणून. आकाश निरभ्र असताना उघड्या मैदानावर जमिनीजवळ साधारण १०० व्होल्ट प्रति मीटर एवढं, खालच्या दिशेचं क्षेत्र असतं. कमाटीबागेतल्या हिरवळीवर एका बिंदूवर इलेक्ट्रॉन आहे. तिथे तीव्रता किती आणि कुठल्या दिशेला? प्रोटॉन असेल तर? काहीच नसेल तर?

तिन्हींना तिने एकच उत्तर लिहिलं: १००, खाली. पुढे न विचारता लिहिलं की इलेक्ट्रॉनवरचं बल वर, प्रोटॉनवरचं खाली. आणि सगळ्यांत खाली एक ओळ: ‘पण तिथे माणूस उभा राहिला तर १०० राहणार नाही.’ कारण विचारलं तर म्हणाली, “तो गोळ्यासारखाच ना काकू. त्याच्यातला चार्ज सरकेल.” हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. माणसाचं शरीर वाहक आहे. एकूण चार्ज जवळपास शून्य असला तरी क्षेत्रामुळे तो डोक्याकडे आणि पायांकडे वाटला जातो, डोक्यावर तीव्रता वाढते आणि आजूबाजूचं क्षेत्र वाकतं. डोकं आणि पाय यांच्यात दीडशे व्होल्टचा फरक का जाणवत नाही, त्याचं उत्तरही यातच आहे: माणूस उभा राहिला की तो फरकच उरत नाही. हे क्षेत्र मोजणारं फील्ड मिल नावाचं यंत्र म्हणूनच शक्य तिथे जमिनीच्या पातळीत बसवतात, नाहीतर ते स्वतःच्या उंचीने वाढलेलं क्षेत्र मोजून बसेल.

एक अडचण अजून गेलेली नाही. ६० सेंटिमीटर अंतरावर अधिक २ आणि उणे २ मायक्रोकूलोम असे दोन चार्ज, आणि बरोबर मधल्या बिंदूवर तीव्रता विचारली, की ती अजूनही शून्य लिहिते, कारण ‘एक प्लस, एक मायनस’. शून्य होतं ते तिथलं विभव (पोटेन्शियल, जे व्होल्टमध्ये मोजतात). तीव्रता प्रत्येकाची २,००,०००, दोन्ही उणे चार्जच्या दिशेने, म्हणून बेरीज ४,००,०००. मधे निळ्या शाईचा अधिक चार्ज ठेव आणि प्रत्येक जण त्याला काय करतो ते सांग, असं म्हटलं की ती बरोबर सांगते: एक ढकलतो, दुसरा ओढतो, दोन्ही एकाच दिशेला. कुणी आठवण न करता कागदावर ते अजून उतरत नाही. सध्या तिच्या वहीत प्रत्येक दोन चार्जच्या गणिताआधी आकडा न लिहिता नुसते दोन बाण काढायचे असं आम्ही ठरवलं आहे.